डोळ्यातलं पाणी जातं कुठे?

रडू येत नसतं तेव्हाही डोळ्यात पाणी तयार होतच असतं. भुवईच्या बाहेरच्या टोकाखाली, कवटीच्या खोबणीत बदामाएवढी अश्रुग्रंथी असते. पण नुसत्या पाण्यावर डोळ्याचं भागत नाही. पापण्यांच्या कडांमध्ये तेलग्रंथींची रांग असते. हाइनरिश माइबोम या जर्मन वैद्याने १६६६ साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना त्याचंच नाव आहे. त्यांच्या तेलाचा पातळ थर पाणी उडून जाऊ देत नाही, तर खालचा चिकट थर ते पाणी डोळ्याला धरून ठेवतो.

हे अश्रुपटल मिलिमीटरच्या काही हजारांश जाडीचं. तरी बाहेरचा प्रकाश डोळ्यात शिरताना पहिल्यांदा वळतो तो इथेच. त्यामागच्या पारदर्शक कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात. उघड्या डोळ्यात त्याला प्राणवायू मिळतो तो मुख्यतः या पाण्यात विरघळलेल्या हवेतून. डोळ्याच्या साऱ्या रचनेत मला याहून विलक्षण काही वाटत नाही.

पापणी लवते तेव्हा हा थर नव्याने पसरतो. मोबाइल बघताना पापण्या कमी लवतात, थर जागोजागी फाटतो आणि अक्षरं धूसर होतात. तेल कमी पडलं की डोळा चुरचुरतो आणि अश्रुग्रंथी भराभर पाणी सोडते. म्हणून सतत पाणी गळणारा डोळा मुळात कोरडा असू शकतो. रुग्णांना हे पटता पटत नाही.

आता निचरा. आरशासमोर खालची पापणी नाकाच्या बाजूला हलकेच ओढा. कडेवर एक बारीक छिद्र दिसेल. वरच्या पापणीलाही तसंच असतं. तिथून पाणी नाकाशेजारच्या अश्रुपिशवीत आणि पुढे हाडातल्या नळीतून नाकात उतरतं. रडताना नाक वाहतं ते यामुळेच. काही नवजात बाळांत या नळीच्या खालच्या टोकाचा पडदा उघडलेला नसतो, म्हणून डोळा पाणावतो, चिकटतो. बहुतेकांचा तो वर्षभरात आपोआप उघडतो. डॉक्टर शिकवतील तसा मसाज करावा. काजळ मात्र घालू नये.

औषधाचे थेंबही याच वाटेने जातात. काचबिंदूसाठी दिलं जाणारं टिमोलॉल नाकाच्या अस्तरातून थेट रक्तात शिरतं आणि नाडी मंद करू शकतं, दमाही उसळवू शकतं. दमा असेल तर नेत्रतज्ज्ञांना आधीच सांगायला हवं. आणि थेंब टाकल्यावर डोळा मिटून, नाकाकडचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं दाबून धरावा.