लॅपटॉपच्या तापमापकांचा शोध

लिनक्सवर चालणाऱ्या आपल्या लॅपटॉपच्या अंतर्भागातील उष्णता जाणून घेण्याची ज्यांना जिज्ञासा असेल, त्यांनी 'एलएम-सेन्सर्स' हे पॅकेज बसवून टर्मिनलवर 'सेन्सर्स-डिटेक्ट' हा हुकूम प्रशासकाच्या अधिकाराने चालवावा आणि तो विचारील त्या प्रत्येक प्रश्नाला केवळ एंटर दाबून सुचविलेलेच उत्तर द्यावे; कारण अविचाराने केलेल्या तपासणीमुळे क्वचित यंत्रास अपाय होण्याचाही संभव असतो.

इंटेल प्रोसेसरसाठी 'कोरटेम्प' किंवा एएमडीसाठी 'के१०टेम्प' हा ड्रायव्हर कर्नलमध्ये दाखल झाला, की टर्मिनलवर 'सेन्सर्स' हा हुकूम देताच तापमान समोर येते. या तापमानाचे मूळ दप्तर कर्नलच्या 'एचडब्ल्यूमॉन' फोल्डरात असते. तेथील, उदाहरणार्थ, ४७००० ही नोंद ४७ अंश सेल्सिअस अशी वाचावी. कोणासही पाहता येणारी ही उघडी नोंद मला या प्रणालीचे खरे वैभव वाटते. पंख्याचा वेग मात्र पुष्कळदा दिसत नाही, कारण पंखा निराळ्या नियंत्रक चिपच्या अखत्यारीत असतो. थिंकपॅड लॅपटॉपवर त्यासाठी 'थिंकपॅड-एसीपीआय' हा ड्रायव्हर उपयोगी पडतो.