नवे यंत्र दारात, खेळ मात्र जुन्या यंत्रावर

मोटारशर्यतीच्या संगणकीय खेळांचा विषय वर्गात निघाला, की बहुधा शिक्षकांपेक्षा विद्यार्थ्यांनाच अधिक माहिती असते. या खेळांतील गणित आणि विज्ञान मात्र त्यांच्या सहसा लक्षात येत नाही. ते समजून घेण्यासाठी आपण २०१३ सालची एक घटना पाहू.

दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळ खेळण्याच्या यंत्राला कन्सोल म्हणतात. सोनी कंपनीचे प्लेस्टेशन ३ हे कन्सोल २००६ च्या नोव्हेंबरात आले. त्याच्या पुढच्या पिढीचे प्लेस्टेशन ४ अमेरिकेत १५ नोव्हेंबर २०१३ रोजी विक्रीस आले. त्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांनी, ६ डिसेंबरला, 'ग्रॅन टुरिस्मो' या प्रसिद्ध शर्यत-खेळाचा सहावा भाग बाहेर पडला. तो नव्या यंत्रासाठी नव्हता; सात वर्षे जुन्या प्लेस्टेशन ३ साठी होता! हा खेळ पॉलिफोनी डिजिटल या जपानी संस्थेने काझुनोरी यामाउची यांच्या मार्गदर्शनाखाली तयार केला होता. नवे यंत्र दाराशी आले असताना जुन्या यंत्रासाठी एवढे कष्ट का घ्यावेत?

एका चौकटीचा हिशेब

पडद्यावरची गाडी पळते असे आपल्याला वाटते. वास्तविक यंत्र एकामागून एक स्थिर चित्रे दाखवीत असते. चांगल्या शर्यत-खेळात सेकंदाला ६० चित्रे, म्हणजे ६० चौकटी दाखवतात. एका चौकटीसाठी यंत्राला मिळतो सेकंदाचा साठावा भाग. एवढ्या वेळात प्रत्येक गाडीचे नवे स्थान काढायचे, चाकांवरील बले मोजायची आणि चित्रही रंगवायचे. १२८० × ७२० ठिपक्यांचे चित्र घेतले तर ठिपके होतात ९,२१,६००. सेकंदाला सुमारे साडेपाच कोटी!

प्लेस्टेशन ३ च्या प्रोसेसरचे सेकंदाला ३२० कोटी ठोके पडतात. म्हणजे एका चौकटीच्या वाट्याला येतात सुमारे ५ कोटी ३३ लाख ठोके. यंत्र जुने असो वा नवे, वेळ तेवढाच मिळतो. त्या वेळात किती काम उरकते, एवढाच फरक.

मोताळ्याहून बुलढाण्याला येताना राजूर घाट चढावा लागतो. समजा, त्या घाटात एसटी ताशी ३६ किलोमीटर वेगाने चालली आहे. म्हणजे सेकंदाला १० मीटर. एका चौकटीत ती सुमारे १७ सेंटिमीटर पुढे जाईल. शर्यतीची गाडी ताशी २१६ किलोमीटर वेगाने जात असेल, तर एका चौकटीत बरोबर १ मीटर. दोन चौकटींच्या मधले खेळाला काहीच ठाऊक नसते. म्हणून पावले जितकी बारीक, तितका हिशेब खरा.

करून पाहा

हे विद्यार्थ्यांकडून वहीवर करून घेता येईल. गाडीचा वेग सेकंदाला १० मीटर आहे. ब्रेक लावल्यावर तो दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद याप्रमाणे घटतो. सूत्रानुसार गाडी १० मीटरवर थांबेल. आता सूत्र बाजूला ठेवा आणि पावलापावलाने मोजा. प्रत्येक पावलाच्या आरंभी असलेला वेग ते पाऊल संपेपर्यंत टिकतो असे धरा.

पाऊल १ सेकंदाचे घेतल्यास अंतर येते १० + ५ = १५ मीटर. अर्ध्या सेकंदाचे घेतल्यास १२.५ मीटर. एक दशांश सेकंदाचे घेतल्यास १०.५ मीटर. आणि १/६० सेकंदाचे घेतल्यास सुमारे १०.०८ मीटर. चूक कमी झाली, पण बेरजा २ वरून १२० वर गेल्या. अचूकपणाची किंमत बेरजांमध्ये मोजावी लागते, ती अशी.

जुन्या घरातला संसार

यंत्राची मेमरी म्हणजे स्वयंपाकघराचा ओटा. कोठीत धान्य कितीही असो, शिजवायचे ते ओट्यावर मावले पाहिजे. प्लेस्टेशन ३ मध्ये २५६ मेगाबाइटचे दोन ओटे होते. एक सर्वसाधारण कामासाठी, दुसरा चित्रासाठी. प्लेस्टेशन ४ मध्ये ८ गिगाबाइटचा एकच सामाईक ओटा आला, म्हणजे एकूण सोळापट जागा.

प्लेस्टेशन ३ च्या प्रोसेसरची रचनाही वेगळी होती. त्यात एक मुख्य गणक आणि खेळाच्या कामाला मिळणारे सहा मदतनीस. प्रत्येक मदतनिसाजवळ स्वतःची जागा फक्त २५६ किलोबाइटची. कामाचे लहान तुकडे पाडून ते मदतनिसांना वेळेवर पोचवणे ही कार्यक्रम लिहिणाऱ्याची जबाबदारी. ही कला साधायला वर्षे लागली. प्लेस्टेशन ४ ची रचना नेहमीच्या संगणकासारखी असल्याने ही मेहनत तेथे जशीच्या तशी नेता येत नव्हती.

मग अडचणीतून युक्त्या निघाल्या. पडद्यावरची गाडी त्रिकोणांची बनलेली असते. सहाव्या भागात गाडी जवळ आली की त्रिकोण वाढत आणि दूर गेली की कमी होत; डोळ्याला दिसणार नाही तेथे श्रम वाया घालवायचे नाहीत. खेळात सुमारे १२०० गाड्या होत्या. त्यांतील अनेकींच्या आकृत्या त्याआधीच्या प्लेस्टेशन २ वरील भागांसाठी केलेल्या होत्या. त्या जवळून जरा ओबडधोबड दिसत.

चंद्राला जादा मेमरी लागत नाही

याच खेळात चंद्रावर गाडी चालवण्याची सोय होती. १९७१ साली अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी हॅडली दरीजवळ चालवलेले चांद्रवाहन त्यात घेतले होते. चित्र काढायला कष्ट पडलेच असतील. पण पृथ्वीचे गुरुत्व काढून चंद्राचे घालायला काय लागते? ९.८ च्या जागी १.६३ हा आकडा!

परिणाम मात्र मोठा. वजन एक षष्ठांश, म्हणून चाकांची पकडही एक षष्ठांश. वस्तुमान तेवढेच असल्याने जडत्व मात्र तेवढेच राहते. सेकंदाला ३ मीटर वेग आणि घर्षणांक ०.५ धरला, तर पृथ्वीवर गाडी सुमारे ०.९ मीटरवर थांबेल, चंद्रावर सुमारे साडेपाच मीटरवर.

बुलढाणा जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना ही जागा परकी वाटू नये. लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर उल्काघाताने बेसाल्ट खडकात झालेले आहे, आणि चंद्रावरची काळसर मैदानेही बेसाल्टचीच आहेत. म्हणूनच चंद्रावरील विवरांचा अभ्यास करणारे लोणारकडे वळतात. लोणारच्या सहलीत हे गणित जरूर घाला.

यंत्र कोणाच्या घरी आहे?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. २०१३ च्या नोव्हेंबरपर्यंत जगात आठ कोटींहून अधिक प्लेस्टेशन ३ यंत्रे विकली गेली होती. नवे प्लेस्टेशन ४ वर्षअखेरीस सुमारे ४२ लाख घरांत पोचले. नव्या यंत्रावर प्लेस्टेशन ३ च्या तबकड्याही चालत नव्हत्या. खेळ जुन्या यंत्रासाठी काढला, की खेळणारे आधीच तयार असतात आणि त्यांना नवा खर्च पडत नाही.

आपल्याकडेही असे घडले आहे. मुंबईच्या ट्राइन गेम्सचा 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' २०१० मध्ये आणि त्याचा दुसरा भाग २०१२ मध्ये आला, तो प्लेस्टेशन २ वर; म्हणजे प्लेस्टेशन ३ येऊन चार-सहा वर्षे झाल्यावर.

पण हा मार्ग बिनधोक नाही. 'ग्रॅन टुरिस्मो'च्या पाचव्या भागाच्या सुमारे १ कोटी १९ लाख प्रती खपल्या. सहाव्याच्या सुमारे ५२ लाख, म्हणजे निम्म्याहून कमी. २०१८ च्या मार्चमध्ये त्याची जाळ्यावरून खेळण्याची सेवाही बंद झाली. पुढे मार्च २०२२ मध्ये सातवा भाग काढताना मधला मार्ग निवडला गेला: नवे प्लेस्टेशन ५ आणि जुने प्लेस्टेशन ४, दोन्हींसाठी.

शाळेपुढेही हाच प्रश्न असतो. संगणक जुने असतील, तर नवे येईपर्यंत ते झाकून ठेवायचे, की त्यांवर होण्यासारखे काम शोधायचे? भपकेबाज चित्रे जुन्या संगणकाला झेपणार नाहीत. पण वर दिलेला ब्रेकचा हिशेब तो क्षणात करील, आणि ९.८ च्या जागी १.६३ घालून विद्यार्थ्यांना चंद्रावरही नेईल. नव्या यंत्राची वाट पाहण्यात एका तुकडीची दोन वर्षे गेली, तर ती मुले शाळा सोडून गेलेली असतात. तेव्हा आहे त्या यंत्रावर पहिली बेरीज आजच करावी, असे आम्हांला वाटते.