काष्टीहून नागपूर किती लांब?

श्रीगोंदे तालुक्यातील काष्टी हे गाव जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. गावाच्या दक्षिणेला भीमा ओलांडली की दौंड. समजा, काष्टीच्या एका विद्यार्थ्याला प्रवेशाच्या मुलाखतीसाठी सकाळी ११ वाजता नागपुरात हजर राहायचे आहे. त्याने कसे जावे? पुण्याहून विमान आहे, ते ताशी ८०० किलोमीटर वेगाने जाते. मग यात विचारायचे ते काय, असे कोणीही म्हणेल. पण आधी अंतर मोजू.

नकाशासंग्रह उघडा. पुणे व नागपूर यांच्या अक्षांशांत सुमारे २.५ अंशांचा आणि रेखांशांत ५.१ अंशांचा फरक आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. रेखावृत्ते ध्रुवाकडे एकमेकांजवळ येत जातात, म्हणून आपल्याकडे रेखांशाचा एक अंश सुमारे १०४ किलोमीटरच भरतो. काटकोन त्रिकोणाच्या बाजू झाल्या २७८ व ५३०. पायथागोरसच्या प्रमेयाने कर्ण काढा. तो सुमारे ६०० येतो. हे झाले विमानाचे अंतर. (गोल पृथ्वीवर सपाट त्रिकोण कसा चालेल, ही शंका रास्त आहे, पण एवढ्या अंतराला चूक किरकोळच येते.) विमान १० किलोमीटर उंचीवरून जाते, त्याने वाट किती वाढते? जेमतेम एक-दीड किलोमीटर!

लोहमार्गाने हेच अंतर सुमारे ८९० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ दीडपट आहे. असे का? काष्टी स्टेशन ज्यावर आहे तो दौंड–मनमाड मार्ग १८७८ साली सुरू झाला, तो मुंबईहून निघालेल्या दोन मोठ्या मार्गांना जोडण्यासाठी. त्यामुळे गाडी आधी उत्तरेला मनमाडपर्यंत जाते आणि मग पूर्वेला, भुसावळकडे वळते. त्रिकोणाच्या दोन बाजू चालून जाण्यासारखेच हे झाले. याउलट पुणे–दौंड मार्ग नदीखोऱ्याच्या सपाटीवरून जातो. तेथे सरळ अंतर ७४ आणि रुळांचे अंतर ७५ किलोमीटर! मुंबई–पुणे मात्र सरळ १२० आणि रुळांवरून १९२. कल्याणचा वळसा आणि बोरघाट यांची ही करामत.

आता वेळ पाहू. आपल्या विद्यार्थ्याला विमानासाठी प्रथम नागपूरच्या उलट दिशेला, पश्चिमेस, लोहगावला जावे लागेल. त्याला अडीच तास धरू. तपासणीसाठी दीड तास आधी पोचायचे. प्रवास दीड तासाचा. धावपट्टीकडे जाणे, चढणे, उतरणे यांत बराच वेळ जातो. उतरल्यावर सामान घेऊन मुक्कामी पोचायला आणखी एक तास. एकूण साडेसहा तास. काष्टी–नागपूर सरळ अंतर सुमारे ५५० किलोमीटर आहे. भागून पाहा: ताशी ८५ किलोमीटर! विमान ८०० च्या वेगाने गेले खरे, पण प्रवासी चांगल्या मोटारीच्याच वेगाने पोचला.

तरीही रेल्वेपेक्षा तो लवकर पोचला. दौंडहून नागपूर सुमारे ८१५ किलोमीटर; सरासरी ताशी ५५ धरली तर १५ तास लागतात. मात्र ते रात्रीचे, झोपेचे तास आहेत. संध्याकाळी ५ ला दौंड सोडणारी गाडी वेळेवर चालली तर सकाळी ८ ला नागपूर. विमानाने जायचे तर पहाटे साडेतीनला घर सोडायला हवे, आणि तेही सकाळी साडेसातच्या सुमारास विमान असेल तरच. नसेल तर आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करणे आले.

विमानाच्या हिशेबातले पाच तास जमिनीवरच गेले, हे ध्यानात आले का? तेवढ्या वेळात मोटार काष्टीहून मुंबईला पोचते.