सभासदांच्या पटासाठीं ऑनलाइन सॉफ्टवेअर : धोक्याचीं चार चिन्हें

राजर्षि शाहू छत्रपतींनीं आपल्या जनक पित्याच्या नांवें वसविलेलें जयसिंगपूर शिरोळ तालुक्यांत आहे. या तालुक्यास २००५, २०१९ व २०२१ सालीं कृष्णा-पंचगंगेच्या महापुरांचा तडाखा बसला. अशा प्रदेशांतील मंडळानें सभासदांचा पट, वर्गणीचा हिशेब व हस्तलिखितांची यादी केवळ कागदी वह्यांवर न सोंपवितां ऑनलाइन सॉफ्टवेअरांत ठेवावी, हें युक्तच होय. परंतु निवडीपूर्वीं चार चिन्हें पाहावीं, असें आम्ही सुचवितों.

पहिलें, नोंदी परत काढण्याची सोय नसणें. याहू ग्रुप्सनें ऑक्टोबर २०१९ मध्यें जुना संग्रह काढून टाकण्याचें जाहीर केलें, व १५ डिसेंबर २०२० रोजीं ती सेवाच बंद झाली. म्हणून करारापूर्वींच दहा नोंदी भरून त्या साध्या तक्त्याच्या रूपांत परत काढून पाहाव्या.

दुसरें, देवनागरी मजकूर युनिकोडांत नसणें. विशिष्ट फॉन्टावर विसंबलेला मजकूर तो फॉन्ट नसल्यास निरर्थक चिन्हांचा ढीग होतो. त्यांत सभासदाचें नांव शोधूनही सांपडत नाहीं.

तिसरें, मुख्य पासवर्ड विक्रेत्याच्या किंवा एकट्या चिटणिसाच्या हातीं असणें.

चौथें, सभासदांची माहिती कोठें राहते व कोणास दिली जाते, याचें लेखी उत्तर न मिळणें. २०२३ च्या वैयक्तिक माहिती-संरक्षण कायद्यांत ही जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्या संस्थेवरच ठेविली आहे.

सॉफ्टवेअर कितीही उत्तम असलें तरी दर तिमाहीस संपूर्ण प्रत काढून ती अन्यत्र ठेवावी. अनेक जुनीं पत्रें मूळ रूपांत नष्ट होऊन नकलेंतच उरलीं, हें संग्राहकांस सांगावयास नको.