हार्व्हेस्ट

हार्व्हेस्ट : कॅनेडियन गायक-गीतकार नील यंग (१२ नोव्हेंबर १९४५ – ) यांची कंट्री रॉक या संगीतप्रकारातील प्रसिद्ध ध्वनिमुद्रिका. फेब्रुवारी १९७२ मध्ये प्रकाशित. तीत १० गीते आहेत.

अमेरिकेच्या दक्षिण भागातील ग्रामीण गीतपरंपरेतून विकसित झालेले कंट्री संगीत आणि शहरी तरुणांचे रॉक संगीत यांचा मेळ १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस घातला गेला. ‘द बर्ड्‌स’ या वाद्यवृंदाची स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ (१९६८) व बॉब डिलन यांची नॅशव्हिल स्कायलाइन (१९६९) या त्यातील आरंभीच्या महत्त्वाच्या ध्वनिमुद्रिका होत. हार्व्हेस्ट ही याच प्रवाहातील असली, तरी तिचे स्वरूप पूर्वनियोजनापेक्षा परिस्थितीने अधिक घडविले. त्या काळात यंग पाठीच्या दुखण्याने त्रस्त होते. जड विद्युत्‌ गिटार उभ्याने वाजविणे त्यांना कठीण झाले होते. त्यामुळे साधी गिटार, पियानो व माउथ ऑर्गन यांच्या साथीने बसून गाण्याकडे ते वळले.

जॉनी कॅश यांच्या दूरदर्शन कार्यक्रमासाठी यंग फेब्रुवारी १९७१ मध्ये टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे गेले. निर्माते एलियट मेझर यांनी तेथील एका जुन्या घरात थाटलेल्या क्वाड्राफोनिक या ध्वनिमुद्रणगृहात स्थानिक वादक जमविले. त्यांत ड्रमवादक केनी बटरी, बेस गिटारवादक टिम ड्रमंड व पेडल स्टील गिटारवादक बेन कीथ हे प्रमुख होते. पेडल स्टील गिटार आडवी ठेवून तारांवर पोलादी कांब सरकवितात आणि पायाने व गुडघ्याने दांड्या हलवून तारांचा ताण बदलतात. त्यामुळे भारतीय संगीतातील मींडेसारखी सलग स्वरगती निर्माण होते. या ध्वनिमुद्रिकेतील विषण्ण भाव पुष्कळसा या वाद्यामुळे आला आहे. गायन व वादन एकाच वेळी मुद्रित केले गेले. अलंकरण कटाक्षाने टाळण्यात आले. कॅश यांच्याच कार्यक्रमासाठी आलेल्या लिंडा रॉन्स्टॅड व जेम्स टेलर यांनी ‘हार्ट ऑफ गोल्ड’ व ‘ओल्ड मॅन’ या गीतांना साथस्वर दिला. दुसऱ्या गीतात टेलर यांनी सहा तारांचा बँजोही वाजविला.

उर्वरित गीतांचे मुद्रण अन्यत्र झाले. दोन गीते लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रासह बार्किंग येथील नगरभवनात मुद्रित झाली. त्यांची वाद्यवृंदरचना जॅक निट्शे यांनी केली. हेरॉइनच्या व्यसनाने होणाऱ्या विनाशावरील ‘द नीडल अँड द डॅमेज डन’ हे गीत लॉस अँजेल्समधील विद्यापीठाच्या सभागृहात, श्रोत्यांसमोर जानेवारी १९७१ मध्येच मुद्रित झाले होते. १९७१ च्या उत्तरार्धात पाठीवर शस्त्रक्रिया झाल्यानंतर यंग यांनी कॅलिफोर्नियातील आपल्या पशुपालन-क्षेत्रावरील कोठारात ‘अलाबामा’ इ. विद्युत्‌ गिटारप्रधान गीते मुद्रित केली. शांत, भव्य, एकाकी व आक्रमक असे भिन्न ध्वनिविश्व एकाच मुद्रिकेत आढळते, ते यामुळे.

अमेरिका व ब्रिटन या दोन्ही देशांत ही ध्वनिमुद्रिका विक्रीत प्रथम क्रमांकावर पोहोचली, तर ‘हार्ट ऑफ गोल्ड’ हे यंग यांचे अमेरिकेत प्रथम स्थान मिळविणारे एकमेव गीत ठरले. वाद्यवृंदाच्या साथीची गीते मात्र काही समीक्षकांना अवजड वाटली. या लोकप्रियतेने आपण मळलेल्या वाटेवर येऊन पडलो, अशी यंग यांची भावना झाली. त्यातच, व्यसनाच्या ज्या शोकांतिकेची चाहूल त्यांच्या गीतात होती ती प्रत्यक्षात आली : त्यांचे सहकारी गिटारवादक डॅनी व्हिटन यांचा नोव्हेंबर १९७२ मध्ये मृत्यू झाला. पुढील टाइम फेड्स अवे (१९७३) व टुनाइट्स द नाइट (१९७५) या ध्वनिमुद्रिकांत यंग यांनी हार्व्हेस्टचा मृदू नाद बाजूस सारून खडबडीत, अस्वस्थ अभिव्यक्ती स्वीकारली. बेन कीथ यांच्याशी नॅशव्हिलमध्ये जुळलेले त्यांचे सांगीतिक साहचर्य मात्र कीथ यांच्या मृत्यूपर्यंत (२०१०) टिकले. हार्व्हेस्ट मून (१९९२) या ध्वनिमुद्रिकेत कीथ, ड्रमंड व बटरी यांच्यासह ते पुन्हा त्या जुन्या शैलीकडे वळले.