शाळा हवी होती, किल्ला नव्हे

अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील न्यूटाऊन हे वनराईने वेढलेले लहानसे गाव. तेथील सँडी हूक प्राथमिक शाळेत १४ डिसेंबर २०१२ रोजी एका तरुणाने केलेल्या गोळीबारात २० बालके आणि ६ कर्मचारी मृत्युमुखी पडले. शाळेचे मुख्य दार त्या वेळी बंदच होते; हल्लेखोर शेजारची काच गोळ्यांनी फोडून आत शिरला. केवळ कुलूप पुरेसे नसते, हे त्या दिवशी फार मोठी किंमत मोजून कळले.

वाचलेल्या मुलांचे वर्ग शेजारच्या मन्रो गावातील वापरात नसलेल्या एका शाळेत भरू लागले. जुन्या इमारतीचे काय करायचे, यावर मात्र गावात एकमत नव्हते. त्या आवारात पुन्हा पाऊल टाकणे काहींना असह्य होते, तर काहींना गावाची शाळा गावातच हवी होती. अखेर मे २०१३ मध्ये लोकप्रतिनिधींच्या समितीने जुनी इमारत पाडून त्याच आवारात नवी बांधण्याची शिफारस केली. ऑक्टोबरमध्ये झालेल्या मतदानात नागरिकांनी त्यासाठी सुमारे ५ कोटी डॉलरचा राज्य निधी स्वीकारण्यास प्रचंड बहुमताने संमती दिली.

अशा प्रसंगानंतर उंच भिंती, काटेरी तारा आणि पोलादी दारे यांची मागणी होणे स्वाभाविक होते. परंतु न्यू हेवन येथील 'स्विगल्स अँड पार्टनर्स' या वास्तुरचनाकार संस्थेने शिक्षक, पालक व रहिवाशांना एकत्र बसवले आणि सुरुवातीलाच विचारले, की तुम्हाला आपल्या गावातले काय आवडते? प्रश्न वरकरणी भाबडा वाटेल. आराखडा मात्र त्यातूनच आकाराला आला.

नव्या शाळेचा दर्शनी भाग लाकडाचा असून तो आसपासच्या टेकड्यांप्रमाणे लाटांसारखा वळतो. समोर पावसाचे पाणी जिरवणारी सखल बाग आहे आणि ती ओलांडण्यासाठी छोटे पूल आहेत. मुलांना पुलावरून शाळेत जाण्याची गंमत वाटते. पण येणारा प्रत्येक जण ठरावीक वाटेनेच येतो आणि आतील माणसांना दुरूनच दिसतो. गडकोटांच्या मुलखात वाढलेल्या मराठी वाचकाला यात खंदक ओळखू येईल! समोरची जमीन इमारतीलगत खोल गेल्याने बाहेरच्याला वर्गात सहज डोकावता येत नाही. काचा भक्कम आहेत, वर्गांची दारे आतून बंद करता येतात. मार्गिकांच्या टोकाला झाडीकडे उघडणाऱ्या, झाडावरच्या घरासारख्या खोल्या आहेत. संरक्षणाची साधने आहेत सगळी, पण सहा वर्षांच्या मुलाला ती रोज भीतीची आठवण करून देत नाहीत. लोकसहभागाचे खरे फलित मला येथे दिसते. अर्थात, बंदुका सहजी मिळण्याचा अमेरिकेतील प्रश्न कोणत्याही वास्तुरचनेने सुटणारा नाही.

ऑगस्ट २०१६ मध्ये शाळा सुरू झाली. नवी इमारत जुनीच्या पायावर उभी नाही. मृतांचे स्मारकही शाळेत न उभारता आवाराबाहेर, वेगळ्या जागी उभारण्यात आले. ते २०२२ मध्ये खुले झाले. जुन्या शाळेतले फारसे काही मागे ठेवलेले नाही. ध्वजस्तंभ तेवढा राहिला, आणि डायनासोरच्या पाऊलखुणा असलेल्या दोन मोठ्या लाद्या.