चिकू पिकवते ते कॅल्शियम नव्हे

डहाणू-घोलवडचा चिकू हातात घेऊन शहरातले गिऱ्हाईक अनेकदा विचारते, "कॅल्शियम घालून पिकवलाय का?" काळजी रास्त आहे, पण ठपका भलत्याच्याच माथी बसतो.

फळांच्या पेटीत दडवतात ती पुडी असते कॅल्शियम कार्बाइडची. तिला ओलावा लागला की ॲसिटिलीन वायू सुटतो आणि फळाच्या स्वतःच्या इथिलीनसारखे काम करून फळ पिकवतो. त्यातले कॅल्शियम चुन्याच्या भुकटीच्या रूपाने पुडीतच उरते. बाजारी कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसची भेसळ असते. खरी भीती तिची. म्हणूनच २०११च्या अन्नसुरक्षा नियमांनी फळे पिकवण्यासाठी कार्बाइड वापरायला बंदी केली. ठरवून दिलेल्या प्रमाणात इथिलीन वायू मात्र चालतो. कॅल्शियमचा गुण तर नेमका उलटा आहे. कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात बुडवून काढलेले चिकू मऊ पडायला जास्त वेळ घेतात, कारण कॅल्शियम पेशींमधल्या पेक्टिनला घट्ट बांधून ठेवते.

असाच गैरसमज चुन्याबद्दलही होतो. तलासरीच्या पाड्यांवर भिंतीवरचे वारली चित्र पाहून तो पांढरा रंग चुन्याचा असेल, असे पाहुण्यांना वाटते. तो तांदळाच्या पिठाचा असतो. चुना आतून लावतात तो नीरेच्या मडक्याला. त्याने आंबण्याची क्रिया रोखली जाते आणि नीरेची ताडी होत नाही.

चुना पांढरा, औषधाची गोळी पांढरी, तेव्हा कॅल्शियमही पांढरेच, हा समज सर्वांत घट्ट रुतलेला. गोळीत बहुधा कॅल्शियम कार्बोनेट असते. शुद्ध कॅल्शियम हा चकचकीत रुपेरी धातू आहे. घनता घन सेंटिमीटरला १.५५ ग्रॅम, म्हणजे ॲल्युमिनियमपेक्षाही बराच हलका. वितळतो ८४२ अंश सेल्सिअसला. निसर्गात तो सुटा सापडत नाही. हम्फ्री डेव्ही यांनी १८०८ मध्ये विजेच्या साहाय्याने तो पहिल्यांदा वेगळा केला. आज चुनकळी आणि ॲल्युमिनियमची पूड निर्वात भट्टीत सुमारे १२०० अंशांवर तापवतात आणि निघालेली कॅल्शियमची वाफ थंड करून धातू गोळा करतात. पाण्यात टाकला तर सोडियमसारखा भडका उडत नाही. हायड्रोजनचे बुडबुडे येत राहतात. तरीही पेटलेल्या कॅल्शियमवर पाणी ओतायचे नसते, कोरडी वाळू टाकायची.

मग असा धातू लागतो कशाला? पोलादाच्या कारखान्यात वितळलेल्या रसात कॅल्शियम भरलेली तार सोडतात. ते गंधक ओढून घेते आणि ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या टणक कणांना द्रवरूप देते, त्यामुळे ओतकामाची तोटी तुंबत नाही. निओडिमियमसारखे धातू त्यांच्या संयुगांतून सोडवायलाही कॅल्शियमच उपयोगी पडते. पाणी घालावे न लागणाऱ्या गाडीच्या बॅटरीतल्या शिशाच्या जाळीत ते साधारण ०.१ टक्का किंवा त्याहूनही कमी असते. पूर्वी तिथे अँटिमनी असे आणि बॅटरीतले पाणी लवकर आटे.